तिसरा तक्ता

मॅरेथॉनमध्ये पेसर नावाचा एक प्राणी असतो. हातात काठी, काठीला झेंडा, झेंड्यावर वेळ लिहिलेली. ज्यांना पाच तासांत शर्यत पुरी करायची आहे त्यांनी पाच तासांच्या झेंड्यामागे लागायचं आणि डोकं बंद ठेवून पळायचं. कुठे दम राखायचा, कुठे पाणी प्यायचं, चढावर किती हळू व्हायचं, ही सगळी कटकट झेंडेवाल्याची. त्याच्या मागच्या घोळक्याला पळणारे लोक बस म्हणतात. एकदा बसमध्ये बसलं की पोचवायची जबाबदारी ड्रायव्हरची, तसं.

आमच्या या बाई कित्येक वर्षं पाच तासांची बस चालवत होत्या. ऊन असो, वारा असो, मागे कोणी भोकाड पसरो, बाई पाच तासांच्या अगदी काठावर बस घेऊन हजर. म्हणून सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत, तेही तोंडावर. त्यांना ते आवडायचं. निदान त्या वर्षापर्यंत तरी आवडायचं.

त्या वर्षी काय झालं कोण जाणे. पन्नाशी दारात येऊन उभी राहिली होती, तेच निमित्त असेल. बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आपण खरं किती जोरात पळू शकतो? इतकी वर्षं पळतोय, पण कायम ब्रेकवर पाय ठेवून. एकदा ब्रेक सोडला तर? चार तासांत होईल? हा प्रश्न सकाळी दात घासताना यायचा, संध्याकाळी भाजी चिरताना यायचा, आणि एकदा आला की जायचं नाव घ्यायचा नाही.

शेवटी त्यांनी सरावाचे तीन तक्ते मिळवले आणि फ्रिजच्या दारावर चिकटवले. पहिला तक्ता ज्यांना फक्त शर्यत पुरी करायची आहे त्यांच्यासाठी. दुसरा ज्यांना थोडीफार सुधारणा करायची आहे त्यांच्यासाठी. आणि तिसरा अनुभवी धावपटूंसाठी. हा तिसरा म्हणजे माणसाला माणसातून उठवायचं काम होतं. आठवड्यात सुट्टी एकच. मंगळवारी मैदानावर जीव कंठाशी येईपर्यंत फेऱ्या. गुरुवारी शर्यतीच्या वेगाने मोठा पल्ला. शनिवारी मुद्दाम दमायचं, आणि रविवारी त्याच दमलेल्या पायांवर सगळ्यात लांब पळायचं, वर शेवटचा तुकडा सगळ्यात जोरात. खाली ठळक अक्षरांत दमदाटी होती: ज्यांनी आजवर केवळ शर्यत पूर्ण करण्यासाठी धाव घेतली आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

हे शेवटचं वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं. दिवसातून दहादा त्या फ्रिजपुढे उभ्या राहून ते वाचायच्या आणि दहादा त्यांचं डोकं फिरायचं.

"अगं, तो फ्रिज उघडायचा की वाचायचा?" नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे अडकून पडलेल्या माणसांची त्याला सवय होती. "मला दूध हवंय."

"अहो, तिसरा घेऊ की दुसरा?"

"दूध घे."

असल्या माणसाकडून काय सल्ला मिळणार? बाईंनी तिसरा तक्ता काढला, घडी घातली आणि कामावर नेला.

काम म्हणजे इस्पितळातल्या डायलिसिस विभागात टेक्निशियनचं. सकाळी मशीन लावायची, नळ्यांमधून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत टिचक्या मारत राहायचं, पेशंटना वजनकाट्यावर उभं करायचं, सुया टोचायच्या, आणि मग ते रक्त फिरून स्वच्छ होऊन येईपर्यंत मशीनच्या आकड्यांवर डोळा ठेवायचा. खिडकीजवळच्या खुर्चीवर एक निवृत्त वकील यायचे. दिवसाआड यायचे, बडबडत यायचे आणि थकून जायचे. त्यांच्या एका हाताला सुया असल्या तरी दुसरा हात मोकळा असायचा, आणि मोकळ्या हाताने दुसऱ्याचा कागद मागायची त्यांना खोड होती.

"अनुभवी म्हणजे काय?" वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं. "व्याख्या कुठाय? व्याख्या नसलेला शब्द कागदावर येतोच कसा?"

"साहेब, हात हलवू नका, मशीन ओरडेल."

"ओरडू दे. हे बघा, पहिल्याच चौकटीत लिहिलंय, आपली आजवरची सर्वोत्तम वेळ भरा. त्यावरून बाकीचे सगळे वेग ठरणार. सांगा, किती?"

"पाच तास."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"पाच तास."

"बरं. सगळ्यात वाईट वेळ?"

"पाचच."

वकीलसाहेब हसले नाहीत, हे वाईट झालं. हसले असते तर बाईंनीही हसून सोडून दिलं असतं. ते म्हणाले, "बाई, ही झेंड्याची वेळ झाली. मी तुमची विचारतोय."

तेवढ्यात मशीन ओरडलं आणि त्या नळीकडे वळल्या, म्हणून सुटल्या. पण ती चौकट काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. इतक्या शर्यती पळालेली बाई, आणि पहिली चौकट भरता येत नाही! शाळेत नाव विचारल्यावर मुलाने वडिलांचं सांगावं, तसलं काहीतरी झालं होतं.

मग तिसरा तक्ता घेऊन मोकळं व्हायचं की नाही? व्हायचं, पण मध्ये ताई होती.

ताई म्हणजे घड्याळबाईंची मोठी बहीण. समोरच्याच घरात राहायची, लोकांच्या पँटी आखूड करून द्यायची, झिपा बदलून द्यायची. तिचा नवरा गेला तेव्हा ती मशीनवरचं कापड सुईखाली तसंच अर्धं ठेवून खिडकीशी बसली ती वर्षभर उठली नाही. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर नाही. शेवटी घड्याळबाईंनी एका सकाळी तिला दंडाला धरून रस्त्यावर आणली आणि म्हणाल्या, "विचार करू नकोस. माझ्या पाठीकडे बघ आणि पाय उचल." ताईने पाठीकडे बघितलं आणि पाय उचलले. आधी चालली, मग धावली, आणि मग दरवर्षी पाच तासांच्या बसमध्ये पहिल्या सीटवर, म्हणजे झेंड्याच्या बरोब्बर मागे, ताई ठरलेली. माणसात आली. हसायला लागली. पँटी पुन्हा वेळेवर मिळायला लागल्या.

म्हणून घड्याळबाई तक्त्याचं बोलायला गेल्या त्या दारातच थोड्या घुटमळल्या. ताईच्या ओठांत टाचण्या होत्या. ती टाचण्यांतूनच बोलायची.

"मग झेंडा कोण धरणार?"

"कप्तान बघतील कोणीतरी." कप्तान म्हणजे सगळ्या पेसरांचा म्होरक्या. एके काळी खेळाचे शिक्षक होते, अजूनही साऱ्या जगाला रांगेत उभं करायचे.

"कोणीतरी," ताई म्हणाली. तिने एक टाचणी काढून कापडात खुपसली. "बरं. मग मीही थांबते. गुडघे दुखतातच हल्ली."

"अगं, तू कशाला थांबतेस?"

"पुढे तू नसलीस तर मी कुणाच्या मागे पळू? त्या कोणीतरीच्या?"

बाई जिना उतरून रस्त्यावर आल्या आणि उगाच दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. ताईचा राग यायचा, लगेच त्या रागाची लाज वाटायची, की पुन्हा राग. घरी येऊन त्यांनी तिसरा तक्ता फ्रिजच्या वर, डब्यामागे ढकलला आणि दुसरा पुढे आणला. दुसरा घ्यायचा आणि झेंडाही धरायचा. कोणी दुखावलं नको. नवरा म्हणाला, "छान. म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये."

पण शरीर काही तडजोड ऐकून घेत नाही. दुसऱ्या तक्त्याने बाईंच्या पायांना थोडीशी चटक लावली आणि मध्येच सोडलं. भूक चाळवायची आणि ताट ओढून घ्यायचं, असला तो प्रकार. इस्पितळाच्या गल्लीतून त्या पळत गेल्यासारख्या चालायच्या. पेशंट म्हणायचे, बाई, आग लागलीय का कुठे? बसायला गेल्या की गुडघा हलत राहायचा, जेवायच्या टेबलावरचे ग्लास किणकिणायचे. नवऱ्याने एकदा टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. टेबल डुगडुगतंय असं त्याला वाटलं होतं.

आणि मग एका रविवारी व्हायचं ते झालं. सगळ्या बसचा सराव होता. नदीकाठचा सपाट रस्ता, गार हवा, हातात झेंडा. बाई निघाल्या. पायांना बरं वाटत होतं. खूप दिवसांनी डोक्यातला किडा गप्प होता. मागे बोलणं बंद झालं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. बसमधले लोक बोलायचे थांबले की वेग जास्त झालाय, हे त्यांनीच नव्या पेसरांना शिकवलं होतं. त्या पुढे जात राहिल्या. आणि मागचे? त्यांनी वर्षानुवर्षं डोकं बंद ठेवलेलं. घड्याळ पुढे पळतंय असं घड्याळावर विसंबलेल्या माणसाच्या मनात तरी येतं का? धापा टाकत, पोटऱ्या धरत, एकजणही काही बोलला नाही. सगळ्यांना वाटलं, आजच आपल्याला काहीतरी झालंय.

पुलाशी बाईंनी मागे वळून बघितलं तर बस नव्हतीच. दूरवर माणसं वाटेत सांडल्यासारखी उभी होती. ताई फुटपाथच्या कडेवर बसली होती, तोंड पांढरंफटक, ओठ कोरडे. बाई धावत मागे आल्या आणि तिला पाणी पाजू लागल्या. ताईने बाटली बाजूला केली.

"मला वाटलं मी मरतेय," ती म्हणाली. "आणि तू एकदा वळून बघितलं नाहीस. विसरलीस मला."

ते खरं होतं. त्या विसरल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे, विसरल्यावर त्यांना फार छान वाटलं होतं.

कप्तानांनी सगळ्यांसमोर आवाज चढवला नाही, बाजूला घेतलं. "घड्याळबाई, एक तर झेंडा धरा, नाहीतर तो तक्ता धरा. दोन्ही धरून तुम्ही माणसं माराल."

बाईंनी हातातल्या काठीकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं, असा प्रसंग आला तर आपण रडू. रडू आलं नाही. त्यांनी झेंडा कप्तानांच्या हातात दिला आणि घरी येऊन दुसरा तक्ता टराटरा फाडला. डब्यामागचा तिसरा काढला, हाताने सारखा केला आणि दाराच्या मधोमध लावला. पहिली चौकट रिकामीच राहिली. वेगांचे अंदाज कप्तानांनी तोंडी सांगितले आणि वर म्हणाले, "अंदाज चुकला तर मला शिव्या घालू नका."

पुढचे महिने कसे गेले ते त्या बाईंना आणि त्यांच्या मोज्यांना ठाऊक. मंगळवारच्या फेऱ्यांनी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पाय ठेचले गेले, एक नख काळं पडून गळालं. आणि एक गंमत झाली. मोकळ्या हातांनी पळतानाही बाईंचा उजवा हात हलायचा नाही. मूठ आवळलेली, कोपर वाकलेलं, झेंडा धरल्यासारखं. मैदानावर कप्तान ओरडायचे, "काठी सोडा की हो! मी घेतली ना काठी!" बाई मूठ उघडायच्या. दोन फेऱ्यांनी ती पुन्हा मिटलेली असायची.

ताई बोलायची, पण कसं? जिन्यात भेटली की "बरी आहेस ना?" जणू दूरच्या ओळखीची बाई. पूर्वी शिवी दिल्याशिवाय ती नमस्कार करायची नाही. या गोडगोड बोलण्याने बाईंना जेवण जायचं नाही. मग एक दिवस कप्तानांकडून कळलं की ताईने शर्यतीला नाव दिलंय. नव्या झेंडेवाल्याच्या मागे पळणार. तो बँकेत कारकून होता, उत्साह नुसता उतू जाणारा. बाईंच्या जिवाची आणखीच घालमेल झाली. त्याला आवरायला कोण आहे? चढावर तो थांबेल का? ताई पाणी मागत नाही, द्यावं लागतं, हे त्याला कोण सांगणार? त्यांनी जाऊन सांगितलंसुद्धा. तो हो हो म्हणाला. हो हो म्हणणाऱ्या माणसावर बाईंचा कधीच विश्वास नव्हता.

शर्यतीच्या सकाळी त्या पुढच्या गटात उभ्या राहिल्या. अनोळखी माणसं, काटक पाय. मान वळवून त्यांनी मागे पाचचा झेंडा शोधला, दिसला, त्याखाली ताईचं डोकं दिसलं का दिसलं नाही, तोवर गर्दी हललीच.

पहिला अर्धा पल्ला बाई अशा पळाल्या की काय सांगू! पाय हलके, श्वास मोकळा, उजवा हातसुद्धा शहाण्यासारखा हलत होता. एका वळणावर मागून पावलांचा आवाज आला, एका लयीत, बऱ्याच जणांचा. वळून बघतात तर आठ-दहा अनोळखी माणसं त्यांच्या मागे ओळीने चिकटलेली. एकाने विचारलं, "मॅडम, तुमची बस चारचीच ना?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी बस नाही!" त्या ओरडल्या. "मी माझी पळतेय! व्हा बाजूला!" तो बिचारा इतका दचकला की त्याच्या हातातला पाण्याचा कप उडाला. आणि त्या तिरमिरीत बाईंनी वेग वाढवला. तिथेच चुकलं. इतकी वर्षं लोकांना वेग राखायला शिकवणाऱ्या बाईने रागाच्या भरात आपलाच दम उधळला. शेवटच्या भागात पोटऱ्यांत गोळे आले, एका खांबाला धरून उभं राहावं लागलं, मागचे ते सगळे लोक एकेक करून पुढे निघून गेले. दोघं-तिघं तर मान लववून गेले. शेवटच्या रेषेवर टांगलेल्या घड्याळाखालून बाई गेल्या तेव्हा चार तास होऊन काही मिनिटं उलटली होती.

हुकलं. थोडक्यात हुकलं, आणि थोडक्यात हुकलेलं जास्त झोंबतं. कोणीतरी गळ्यात पदक घातलं, तर त्यांनी ते काढून खिशात कोंबलं. बसवेना, उभं राहवेना. घरी जावंसं वाटेना. रस्त्याकडेच्या कठड्याशी येरझाऱ्या घालत त्या स्वतःवर चरफडत होत्या आणि अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं.

पाचचा झेंडा वेळेच्या बराच आधी आला. मागे जेमतेम चार माणसं. ताई नव्हती.

"त्या मागे राहिल्या," कारकून धापा टाकत म्हणाला. "मी हाक मारली. पण झेंडा थांबवता येत नाही ना!"

हेही बाईंनीच शिकवलेलं. त्या कठड्याच्या कडेने उलट दिशेला निघाल्या. पाय लाकडासारखे झाले होते, तरी त्या लंगडत धावत होत्या. येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होत्या. कडेला बसलेली प्रत्येक बाई ताई वाटत होती. बंद पेट्रोल पंपापाशी आल्या आणि ताई दिसली.

ती बसली नव्हती. येत होती. धावणं म्हणावं की चालणं कळू नये अशा चालीने, तोंड लालबुंद, चष्म्यावर घाम, आणि स्वतःशी काहीतरी बेसूर गुणगुणत. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

घड्याळबाई कठडा ओलांडून रस्त्यावर उतरल्या आणि तिच्या पुढे झाल्या. उजवा हात आपोआप वर गेला, मूठ आवळली गेली. "पाठीकडे बघ," त्या म्हणाल्या. "पाय उचल."

"हो बाजूला," ताई म्हणाली.

"अगं, मी आहे."

"तूच आहेस ते दिसतंय. हो बाजूला. मला पुढचं दिसत नाहीये." ताईला बोलायला दम नव्हता, तरी ती बोलली. "इतकी वर्षं तुझी पाठ बघत पळाले. या रस्त्याला एवढी झाडं आहेत, मला ठाऊकच नव्हतं. त्या कारकुनाने सोडलं तेव्हा आधी रडले. मग म्हटलं, मेलीस तर नाहीस ना? चल की मग."

घड्याळबाईंचा हात खाली आला. त्या कडेला सरकल्या, कठड्याच्या पलीकडे गेल्या आणि तिथून बरोबर चालत राहिल्या. ताईने एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. शेवटच्या वळणावर तिने झिपा बदलणाऱ्या त्या हातांच्या मुठी आवळल्या आणि खरोखरची धावली.

घड्याळाखालून गेल्यावर ती मागे वळली आणि चष्मा पुसत म्हणाली, "किती झाले? वाच."

बाईंनी वाचून दाखवलं. पाच तास कधीच मागे पडले होते, सहाला थोडेच कमी होते.

"हे माझे?"

"तुझे."

ताईने तो आकडा ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून घेतला. मग विचारलं, "तुझे?"

"हुकले गं," घड्याळबाई म्हणाल्या, आणि त्या झेंडा देतानासुद्धा न रडलेल्या बाईचा आवाज आता फुटला. "थोडक्यात हुकले."

"गाढव आहेस," ताई म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिने शिवी दिली होती. "तो फ्रिजवरचा कागद फाडलास का?"

"नाही. आहे अजून."

"फाडू नकोस. त्यात पहिल्या चौकटीत वेळ विचारतात ना? मला एक आणून दे."

"तुला पहिला तक्ता देते. तो सोपा आहे."

"पहिला नको. तुझा जो होता तोच दे."

"अगं ताई, तो अनुभवी लोकांचा आहे."

"मग मी काय आज जन्मले?" ताई म्हणाली, आणि तिने पाणी मागितलं.